चारशंब्याची हाक

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच महिने वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचत होतो. जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये डबे उघडले की मी मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवायचो, आणि कुणाच्या गोष्टीत पांढरी साडी आली रे आली की टाळी द्यायचो. आज माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा. फक्त शेवटी मी एक प्रश्न विचारणार आहे, तेवढा नीट वाचा... उत्तराची मला फार गरज आहे.

मी इरफान. राहायला आष्टा, कामाला कुपवाड. एमआयडीसीत छोटं शॉप आहे — दोन लेथ, एक मिलिंग मशीन, पंपाचे शाफ्ट बनवतो. माझा सगळा विश्वास मायक्रोमीटरवर. शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला नाही तर कुठंतरी माप चुकलेलं असतं, त्याला भूत लागलेलं नसतं — असं मी पोरांना कामाला लागल्या दिवशीच सांगतो. आमचा टर्नर आनंदा अमावस्येला मशीनला लिंबू बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी ते काढून त्याच्याच देखत पोह्यांवर पिळायचो. तो कानाला हात लावायचा, मी दुसरी फोड मागायचो.

घरात आम्ही चौघं. मी, बायको नाझिया, मुलगी इनाया — पहिलीत आहे, दिवसभर तोंडाची टकळी चालू — आणि फुफी. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. त्याच सुमाराला माझी आई गेली, आणि मला हिनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. इनाया तिला दादी म्हणते. आम्ही घरात दखनी बोलतो, पण इथं सगळं मराठीतच सांगतो. एकदोन वाक्यं तेवढी आहेत तशी ठेवावी लागतील.

आता रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. इस्लामी वर्षातल्या सफर महिन्याच्या शेवटच्या बुधवारला आम्ही चारशंबा म्हणतो. त्या दिवशी सकाळी आंघोळ करून घरादारानं बाहेर रानात जायचं, हिरव्या गवतावरून अनवाणी चालायचं, गुलगुल्यांवर, म्हणजे गुळाच्या गोड भज्यांवर, फातिहा पढून दुआ मागायची, खायचं-प्यायचं आणि दिवस बुडायच्या आत परत यायचं. काही मौलाना म्हणतात याला आधार नाही. असेल, नसेल. बायकांना वर्षातनं एकदा चूल सोडून मोकळं हिंडायला मिळतं, एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

आणि त्यात आमच्या घरची आणखी एक रीत. निघताना घरातली थोरली बाई एकेकाचं नाव घेऊन हाक मारते — "इरफान, घर कू चलो!" — आणि ज्याचं नाव त्यानं "हौ" म्हणायचं. हौ म्हणजे हो. आणि सगळ्यात शेवटी सगळ्यांनी मिळून त्या थोरलीला म्हणायचं, "फुफी, तुम भी चलो." ती "हौ" म्हणाली की झालं, मागं वळून न बघता निघायचं. फुफीचं म्हणणं, माणूस एखाद्या जागी रमला की थोडा तिथंच राहतो, त्याला हाक मारून उठवून आणावं लागतं. लग्नघरातनं, दवाखान्यातनं, एसटी स्टँडवरनं, कुठूनही निघताना ती हे करायची. लोक बघायचे, मला कॉलेजच्या वयात लाज वाटायची. पण मी "हौ" म्हणायचो, कारण नाही म्हणालो तर ती हलायचीच नाही.

तर गेल्या चारशंब्याला अडचण अशी आली की गवतच मिळेना. तुम्ही म्हणाल आष्ट्यात गवताला काय तोटा? जाऊन बघा. जिकडं तिकडं ऊस, आणि बांधावर तणनाशक मारून सगळं पिवळं केलेलं. दरवर्षी ज्याच्या बागेत जायचो त्यानंही फवारलेलं. फुफी तोंड पाडून बसली. मी शॉपमध्ये सहज बोललो, तर आनंदा म्हणाला, "इरफानभाई, आवं गवत-गवत काय करताय? आमच्याकडं चला की. पाटणच्या फुडं आमचं गाव हाय, कोयनेच्या पाण्याला लागून. पाण्यात एक टेंबं हाय बगा. गवात असं हाय, लहान पोरगं हुबं केलं तर गावायचं न्हाई."

टेंबं म्हणजे डोंगराचा माथा. उन्हाळ्यात तिथं चालत जाता येतं. पण पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं की त्याला चारी बाजूंनी पाणी लागतं आणि त्याचं बेट होतं. खालच्या उतारावर पूर्वी एक वाडी होती, आनंदाच्या आईचं माहेर. ती कधीच पाण्याखाली गेली. वर उरलं ते नुसतं गवत, काही जुनी झाडं आणि वारा.

आनंदाच्या मेव्हण्याची मशीनची होडी आहे, तिच्यातनं गेलो. ट्रॅक्टरच्या ट्यूब गळ्यात घालायला दिल्या होत्या, मी त्यावरनं दहा प्रश्न विचारले. पण वर पोचल्यावर माझंही तोंड बंद झालं. पाऊस नुकताच उघडलेला, ऊन पडलेलं, आणि पायाखाली इतकं मऊ, इतकं गार हिरवं... कडेला गुलाबी तेरडा फुललेला. इनायानं चपला भिरकावल्या आणि ती जी पळत सुटली ती थांबेचना. फुफी तिच्या मागं. सत्तरीची बाई, गुडघे धरून जिना चढणारी, साडी वर खोचून पोरीमागं पळत होती! दमून खाली बसली, पाय गवतात पसरले आणि म्हणाली, "इरफान, इधरच रहना ऐसा लगताय." आम्ही सगळे हसलो. नाझिया म्हणाली, रहा की, आम्ही महिन्याला रेशन पोचवतो.

गुलगुले खाल्ले, फातिहा झाला. आनंदानं घरनं भाकरी आणि झुणका आणलेला, तोही उडवला. इनायाच्या केसांत फुफीनं तेरड्याची फुलं खोवली. इतका चांगला दिवस आमच्या घरात आधी कधी आला होता, मला आठवत नाही.

दुपार कलल्यावर पलीकडच्या डोंगरावरनं ढग उतरायला लागले. आनंदाचा मेव्हणा खालनं ओरडला, "चला आवं, वारं सुटतंय, लाटा येतील!" इनाया खेळून खेळून नाझियाच्या खांद्यावर झोपलेली. काठावर उभं राहून फुफीनं हाका मारायला सुरुवात केली. मी "हौ" म्हणालो, नाझिया "हौ" म्हणाली. आनंदालाही हाक मारली, तो हसून "व्हय फुफी, आलो" म्हणाला. मग फुफी इनायाकडं वळली. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला, चेहरा बघितला, आणि हळूच म्हणाली, "सोई है बच्ची. सोने दो." पोरीची झोप मोडायला तिला जिवावर आलं. आम्ही "फुफी, तुम भी चलो" म्हणालो, ती "हौ" म्हणाली, आणि निघालो.

एवढंच झालं. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इनाया उठली ती गप्प. आम्हाला वाटलं दमली असेल. शाळेत धाडली, तर बाईंचा फोन — हाक मारली तरी बघत नाही. संध्याकाळी समोर बसवली. टाळी वाजवली की दचकायची, भांडं पडलं की वळायची. पण "इनाया" म्हटलं की काही नाही. जणू ते नाव दुसऱ्याच कुणाचं आहे. खायला घास तोंडात दिला तर तसाच धरून बसायची. माझी टकळी, माझी चिमणी, भिंतीकडं बघत बसून राहायची.

आष्ट्यातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. फरक नाही. मग मिरजेला मोठ्या दवाखान्यात ॲडमिट केली. ताप नाही, कान चांगले, रक्त चांगलं, डोक्याचा एमआरआय चांगला. सगळं नॉर्मल! त्या शब्दाचा मला इतका राग यायला लागला... शाफ्ट नॉर्मल, बेअरिंग नॉर्मल, आणि पंप काही केल्या फिरत नाही. पोर रोज वाळत चालली होती. सलाईनवर ठेवलेली, हाताच्या शिरा मोजता येतील अशी.

आणि त्यात ते पाय. सकाळी सकाळी सिस्टर नाझियावर ओरडली, पेशंटला ओल्या चादरीवर का झोपवता म्हणून. चादर पायापाशीच ओली होती. इनायाचे तळवे ओले, गार, आणि कडेनं हिरवे डाग — गवत तुडवल्यावर पडतात तसे. नाझियानं पुसले. दुसऱ्या दिवशी परत तेच. पुढं एका सकाळी तिच्या बोटांमध्ये गुलाबी पाकळी सापडली, तेरड्याची. मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला जाळी.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं कुणीतरी मुद्दाम करतंय. आनंदावर संशय घेतला, लिंबाचा राग काढतोय का म्हणून त्याला वाट्टेल ते बोललो. मग मी ठरवलं, आता स्वतः बघायचं. पहाटे फजरची अजान झाल्यावर मी पोरीच्या पायथ्याशी बसलो आणि तिचे दोन्ही तळवे माझ्या हातांत घट्ट धरले. कोरडे होते. उजाडायला लागलं. मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. आणि मंडळी... ते पाय माझ्या हातात ओले झाले. कुठनं पाणी आलं नाही, काही सांडलं नाही. माझ्या बोटांच्या फटीतनं पाणी ओघळलं आणि मनगटापर्यंत आलं. पावसाळ्यात सकाळी गवतात हात घातल्यावर जसं गार लागतं तसं.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

मग इनायाची नाडी मंद व्हायला लागली. डॉक्टर चांगला माणूस, म्हणाला, आमच्या हातात होतं ते केलं, आता पुण्याला हलवा, उशीर नको. मी ॲम्ब्युलन्स ठरवली. वॉर्डातनं स्ट्रेचर निघालं तेव्हा फुफी दारात उभी राहिली आणि सवयीनं हाका मारायला लागली. इरफान, घर कू चलो. मी चिडून "हौ" म्हणालो. नाझिया रडत "हौ" म्हणाली. "इनाया, घर कू चलो..."

फुफी तिथंच थांबली. तोंड उघडं, हात तसाच वर. आणि ती भिंतीला धरून खाली बसली.

"उस दिन मैं इसको बुलाईच नै रे, इरफान," ती म्हणाली. "ती तिथंच आहे. गवतात. हाकेची वाट बघत बसलीय माझी बाय... आणि मी आले निघून."

ती पाय धरायला लागली माझे. म्हणाली, वाटेत कराडला वळू, पोरीला पाटणला नेऊ, टेंब्यावर नेऊन हाक मारते. मी नाही म्हणालो. ओरडलोच. म्हणालो, पोरगी मरायला लागलीय आणि तुला टेकडीवर न्यायचीय? ऑक्सिजन लावलेली पोर होडीत घालू? आज विचाराल तरी मी तेच म्हणेन, कुठलाही बाप तेच म्हणेल. फुफीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. पोरगी तू पुण्याला ने. मला कराडला सोड."

आनंदा कराडच्या नाक्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याला तिनंच फोन केलेला. मी त्याला इतकं बोललेलो, तरी आलेला. फुफी आयुष्यात कधी दुचाकीवर नीट बसली नव्हती, माझ्या गाडीवर बसली की सांगलीपर्यंत कलमा पढायची. त्या दिवशी मुकाट चढून बसली. आनंदा म्हणाला, "काळजी करू नगा, मी हाय." ॲम्ब्युलन्सची काच बंद झाली आणि ते दोघं पाटणच्या रस्त्याला वळताना दिसले.

आम्ही पुण्याला पोचलोच नाही. साताऱ्याच्या अलीकडं इनायाचा श्वास अडकायला लागला, ॲम्ब्युलन्समधला पोरगा घाबरला, आणि साताऱ्यातच एका दवाखान्यात तिला आत घेतलं. आयसीयूच्या बाहेर नाझिया फरशीवर बसून होती. ती काही मागत नव्हती, नुसती "या अल्ला" म्हणत पुढं-मागं हलत होती. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आईवडिलांनी आत येऊन बघून घ्या. बघून घ्या! कारखान्यात मशीन बंद करायच्या आधी म्हणतात तसं.

मी पायाशी गेलो. दुसरं कुठं जायला माझी हिंमत नव्हती. पाय ओलेच होते, आणि आता गारवा गुडघ्यापर्यंत चढलेला. कुठल्यातरी मशिदीतनं असरची, दिवस कलल्यावरची, अजान ऐकू येत होती. मी देवाला म्हणालो, मला काही कळत नाही, मी हरलो, मला कळायचीही गरज नाही, फक्त पोरगी दे.

अजान संपली आणि इनायानं मान वळवली. डावीकडं, दाराकडं नाही, कोऱ्या भिंतीकडं. आणि अख्ख्या आयसीयूला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली —

"हौ दादी! आले!"

लांबच्या माणसाला ओ देताना पोरं ओरडतात ना, तसं. सिस्टरच्या हातातला ट्रे पडला. इनाया धापा टाकत होती, अंगाला घाम फुटलेला. तिनं नाझियाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, पाणी. पाय दुखतायत. लई लांबनं पळत आले." मी तळव्यांना हात लावला. कोरडे. गरम.

डॉक्टर म्हणाल्या, कधी कधी होतं असं. मी म्हणालो, होय होय, होतं. त्या वेळी त्यांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणून सांगितलं असतं तरी मी होय म्हणालो असतो.

संध्याकाळी आनंदा फुफीला घेऊन साताऱ्याला आला. दोघं चिंब भिजलेले. फुफीनं इनायाला छातीशी घेतलं, तिच्या तोंडावरनं हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, आणि खुर्चीवर बसली. मी आनंदाला बाहेर चहाला नेलं, आधी माफी मागितली, मग विचारलं, काय झालं तिथं?

"काय सांगू तुमाला," आनंदा म्हणाला. "वारं असं, होडी नुसती हिंदकळत हुती. मेवणा नगं म्हणत हुता, फुफी ऐकंनात. वर गेल्या, मला म्हनल्या तू खालीच थांब. मग हाका मारायला लागल्या. एकसारख्या. नरडं बसलं त्यांचं, तरीबी थांबंनात. लय येळानं काय झालं, त्या गप झाल्या आन् हसल्या. वाकून दोनी हात असं फुडं केलं — पोरगं पळत आल्यावर आपण करतो बगा, तसं. गवात हललं म्हनावं तर वाऱ्यानंबी हललं असंल. म्या कुनाला बगितलं न्हाई, खोटं कशाला बोलू? मग त्या खाली आल्या आन् होडीत बसल्या. मेवणा वरडतच हुता, निघालो."

मला एकदम चहा कडू लागला. मी विचारलं, "आनंदा, निघताना फुफीला हाक कुणी मारली?"

"कसली हाक?" आनंदा म्हणाला.

मी धावत वर आलो. फुफी खुर्चीवर बसलेली, इनायाचा हात तिच्या मांडीवर. मी म्हणालो, "फुफी?" तिनं बघितलं नाही. भिंतीकडं बघत होती.

इनाया आठवड्याभरात पूर्वीसारखी झाली. आज शाळेत जाते, भांडते, टकळी चालू आहे. तिला त्या दिवसांतलं काही आठवत नाही, आम्हीही विचारत नाही. आणि फुफी घरी आहे. भरवलं तर खाते, उठवलं तर उठते. दार वाजलं की वळते, पण फुफी म्हणा, दादी म्हणा, तिचं पाळण्यातलं नाव घ्या — नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालं, धक्का बसला, मेंदूला रक्त कमी पडतं. बरोबर असेल, एमआरआयमध्ये तसं दिसतंय म्हणे. पण चादर रोज सकाळी पायापाशी ओली असते, याचं उत्तर त्यांच्याकडं नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, सगळ्या डोंगरावर तेरड्याचं वाळून काड झालं. आमच्या घरात फुफीच्या बोटांत ताजी पाकळी सापडते.

साहजिक आहे, आम्ही तिला आणायला गेलो. तिलाही होडीत घेतलं, शालीत गुंडाळून. आनंदा होता, मेव्हणा होता. भर दुपार, स्वच्छ ऊन, पाणी आरशासारखं शांत. काठाला होडी लावली. फुफीला होडीतच आनंदाजवळ ठेवून आम्ही तिघं वर जाऊन गवतात उभे राहिलो आणि हाका मारल्या. "फुफी, तुम भी चलो! दादी, घर कू चलो!" नाझियाचा आवाज फाटला. इनाया तर पदर ओढावा तसं गवत ओढून हाक मारत होती. मी आयुष्यात कधी इतक्या मोठ्यानं कुणाला बोलावलं नाही. काही नाही... वारासुद्धा नाही. शेवटी आनंदानंच वर येऊन मला खांद्याला धरून खाली आणलं.

मी होडीत फुफीच्या शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला. मेव्हणा मशीनची दोरी ओढणार, एवढ्यात वरनं, गवतातनं, हाक आली.

"इरफान... घर कू चलो."

फुफीचा आवाज. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्या शेजारी, तोंड मिटलेलं, नजर पाण्यावर. आनंदाच्या तोंडचं पाणी पळालेलं — त्यालाही ऐकू आलेलं. मला उत्तर द्यायचं नव्हतं. मी "हौ" म्हणालो की जावं लागणार, हे मला कळत होतं. मी दात आवळून गप्प बसलो. परत हाक आली, तशीच, जराही न चिडता. लहानपणी मी अंगणात लपून बसायचो आणि ती जेवायला बोलवायची, त्याच आवाजात. मंडळी, त्या आवाजाला नाही म्हणायची ताकद माझ्यात कधीच नव्हती.

मी "हौ" म्हणालो. मग नाझियाचं नाव आलं. ती रडत "हौ" म्हणाली. आनंदाचं आलं. तो हात जोडून "व्हय फुफी" म्हणाला. सगळ्यात शेवटी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, नीट, एकेक अक्षर तोडून — "इनाया! घर कू चलो!"

या वेळी ती विसरली नाही.

"हौ दादी," इनाया म्हणाली.

मग आम्ही सगळे एकदम ओरडलो, "फुफी, तुम भी चलो!" आणि थांबलो. खूप थांबलो. पाण्यावर उन्हं तिरपी झाली तोवर थांबलो. "हौ" आलं नाही.

त्या दिवशी वाऱ्यात घाईनं निघताना स्वतःला हाक मारून घ्यायचं ती विसरली होती का? की तिला सगळं ठाऊक होतं आणि ती जाणूनबुजून तशीच होडीत बसली? पोरीला सोडवायला काही ठेवावं लागतं का तिथं? की तिला तिथं खरंच बरं वाटतंय — मऊ गवत, गुडघे दुखत नाहीत, कुणाचा स्वयंपाक नाही? मी यातलं काही एक सांगू शकत नाही. रोज नवीन विचार करतो आणि रोज तिथंच येऊन थांबतो.

म्हणून माझा प्रश्न. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी हाक मारायची रीत असेल, कुणाच्या आजीनं, आत्यानं काही सांगितलं असेल, तर कृपा करून खाली लिहा. सगळ्यांना हाक मारून आणणारीच मागं राहिली, तर तिला कुणी बोलवायचं? कसं बोलवायचं? कुणाच्या हाकेला ती येईल? मी आता कशालाही हसणार नाही.

रोज सकाळी कुपवाडला निघायच्या आधी मी टॉवेल घेऊन तिच्या पायाशी बसतो. तळवे पुसतो, बोटांमधलं गवत काढतो, आणि एकदा हाक मारून बघतो. मग गाडी काढतो.